विद्याधन कोणाचें?

एकत्र कुटुंबांत एका भावाच्या शिक्षणास दुसऱ्या भावाची शेती पैसा पुरविते, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. शिष्यवृत्ति हा शब्द रूढ होण्यापूर्वींची आपल्याकडील शिष्यवृत्ति ती हीच. तिला अर्ज नव्हता, मुलाखत नव्हती. घरच्या वडील माणसानें "हा शिकेल" असें म्हटलें कीं झालें. हिशेब मात्र होता. कुटुंबाच्या खर्चानें विशेष विद्या संपादन करून जो पैसा मिळे, तो हिंदु कायद्यानें कुटुंबाचा समजला जाई, आणि त्यावरून भावाभावांत कज्जे होत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनीं पुढें आणलेल्या विद्याधनाच्या कायद्यानें १९३० सालीं हा वाद मिटविला. शिक्षण कोणाच्याही पैशानें झालेलें असो, विद्येची कमाई ज्याची त्याची, असें ठरलें. हेच जयकर पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. कायद्यानें पैशाचा प्रश्न सोडविला. विद्येचें ऋण कोणास व कसें फेडावें, हा प्रश्न मात्र घरोघर शिल्लक राहिला.

आमच्या जळोचीच्या घरीं तो गेल्या उन्हाळ्यांत नव्या रूपानें उभा राहिला. आमची पुतणी पुण्यास इतिहास घेऊन एम्. ए. झाली. आतां एखादी बरी नोकरी धरील अशी सर्वांची अपेक्षा. परंतु तिनें सांगितलें कीं, आपणांस बारामती-इंदापूर भागांतील धनगरांच्या वाटा व त्यांचीं दैवतें यांचा अभ्यास करावयाचा आहे. त्यासाठीं जर्मन शिकावयाची आहे, आणि वृत्ति मिळाल्यास कांहीं महिने हायडेलबर्ग येथें राहावयाचें आहे. काकू म्हणाल्या, "अग, मेंढरें पाहावयास जर्मनीस कशाला? तीं तर आपल्या बांधावर येतात." दादांचा प्रश्न निराळा: "यावर पोट भरेल काय?"

काकूंचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. जळोची आतां बारामतीच्या नगरपालिकेंत गेली आहे आणि शेतांच्या जागीं इमारती उठत आहेत. तरी पीक निघाल्यावर रानांत मेंढरें बसवावयाचीं, रात्रभर पडलेलें लेंडीखत जमिनीस मिळावयाचें व मेंढक्यास त्याबद्दल धान्य द्यावयाचें, हा व्यवहार या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. मग जर्मनी कशाला? तर या मेंढपाळांच्या दैवतांवरील पहिल्या प्रतीचा ग्रंथ जर्मन भाषेंत लिहिला गेला म्हणून. हायडेलबर्गचे प्राध्यापक ग्युंथर सोनथायमर यांनीं वर्षानुवर्षें महाराष्ट्रांत हिंडून धनगरांच्या ओव्या व कथा त्यांच्याच तोंडून ऐकल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील आपला ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध केला. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९८९ सालीं निघालें. आमच्या वाचकांस अधिक कौतुक वाटेल तें याचें, कीं हिंदु एकत्र कुटुंब ही कायदेशीर संस्था कशी घडली, यावरील १९७७ चा इंग्रजी ग्रंथही याच गृहस्थांचा. आमच्या माजघराचा आणि आमच्या बांधावरील मेंढवाड्याचा अभ्यास एकाच माणसानें केला, आणि तो माणूस परमुलुखांतला होता.

असल्या अभ्यासाचा खर्च कोणी सोसला, हें पाहूं गेल्यास मोठी मौज दिसते. १९५४ च्या पी. एल. चारशेऐंशी या कायद्यान्वयें अमेरिकेनें आपणांस गहूं दिला. त्याची किंमत भारतानें रुपयांत भरावयाची आणि ते रुपये येथेंच राहावयाचे, अशी व्यवस्था होती. त्या रुपयांतील कांहीं भाग भारतीय विषयांवरील संशोधनाकडे वळविला गेला. १९६१ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज् या संस्थेनें भारतांतील आपलें पहिलें ठाणें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मांडलें. १९६२ पासून याच रुपयांतून आपलीं पुस्तकें विकत घेऊन अमेरिकेच्या ग्रंथालयांस पाठविण्यांत येऊं लागलीं. रेशनच्या दुकानांतून आपल्या आयांनीं जो गहूं आणला, त्याच्या पैशानें मराठी ग्रंथ सातासमुद्रांपलीकडे जाऊन बसले!

या प्रवाहांतून येथें आलेल्यांपैकीं कांहींजण आपले होऊन गेले. मॅक्सीन बर्नसन यांनीं आमच्या शेजारच्या फलटणची बोली अभ्यासिली आणि तीवरील प्रबंधास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें १९७३ सालीं पदवी दिली. पुढें त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि तेथें त्यांनीं मुलांसाठीं शाळा काढली. परदेशी विद्यार्थ्यांस मराठी शिकविणारीं त्यांचीं पाठ्यपुस्तकें जाई निंबकरांच्या सहकार्यानें सिद्ध झालीं. डॉ. शं. गो. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ सालीं निघाला. पुण्यांतील कित्येक घरांनीं अमेरिकन विद्यार्थी आपल्या पंगतीस बसवून त्यांस मराठी बोलावयास शिकविलें. वृत्ति बाहेरची असली, तरी तिचें चीज करण्यांत घरच्या माणसांचा वांटा होता.

तथापि एक सत्य विसरतां येत नाहीं. जो पैसा देतो, तो कशाकडे पाहावयाचें हेंही बहुधा ठरवितो. बाबूजी नाइकांचा आश्रय होता म्हणून मोरोपंतांची कविता बारामतींत बहरली. पेशव्यांची श्रावणी दक्षिणा शास्त्र्यांस मिळे तोंवर शास्त्रें पढलीं गेलीं. तिच्यांतील कांहीं रक्कम मराठी ग्रंथांकडे वळवावी असा अर्ज लोकहितवादी प्रभृतींनीं १८४९ सालीं केला, तेव्हां पुण्यांत केवढा क्षोभ उसळला! परंतु पुढें त्याच पैशांतून मराठी पुस्तकांस बक्षिसें मिळालीं, आणि रानडे व भांडारकर यांसारखे तरुण दक्षिणा फेलो झाले. परक्याच्या पैशाचा ओघ परक्याच्या मर्जीनें आटतोही. २०२५ सालीं अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें, परदेशीं जाऊन प्रबंधाचें संशोधन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या फुलब्राइट-हेज वृत्तीची त्या वर्षाची निवडच रद्द केली.

दादांच्या प्रश्नास पुतणीनें कागदावर उत्तर मांडलें. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ति परीक्षेनें मिळते; २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. सामाजिक शास्त्रांसाठीं १९६९ मध्यें स्थापन झालेल्या भारतीय परिषदेच्याही वृत्ति आहेत. पीएच्. डी. करीत असतां कांहीं महिने अमेरिकेस जावयाचें तर फुलब्राइट-नेहरू वृत्ति आहे. १९५० च्या करारानें ती सुरू झाली, आणि २००८ पासून तिच्यांत भारत सरकार बरोबरीचा वांटा उचलतें. जर्मनीसाठीं डी. ए. ए. डी. ही १९२५ पासूनची संस्था आहे. ज्यास आपल्या मुलुखाऐवजीं दुसऱ्याचा मुलूख अभ्यासावयाचा असेल, त्यास मुंबई विद्यापीठांत १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचें केंद्र आहे. मात्र यांतील कोणतीही वृत्ति घरबसल्या चालून येत नाहीं. परभाषा आधीं शिकावी लागते, प्राध्यापकांशीं पत्रव्यवहार करावा लागतो, आणि अर्ज केल्यापासून पैसा हातीं पडेपर्यंत वर्ष निघून जातें. हुशार मुलें गळतात तीं बहुधा याच मधल्या काळांत. त्या काळासाठीं कोणत्याही सरकारपाशीं योजना नाहीं. ती घरापाशींच असावी लागते.

दादांनीं तो कागद दोन दिवस जवळ ठेवला. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, धाकट्याच्या अभियांत्रिकीस चार वर्षें घरानें पैसे दिले, तेव्हां कोणी प्रश्न विचारला नव्हता. हिला दोन वर्षें सामाइक खात्यांतून द्यावयाचे. अट एकच: जें लिहील तें मराठींतही लिहावें, आणि ज्यांच्याविषयीं लिहील त्यांस तें आधीं वाचून दाखवावें. काकूंनीं दुसरी अट घातली, कीं धनगरांच्या वाड्यावर एकटीनें जाऊं नये. पहिल्या खेपेस आपण बरोबर येऊं, कारण त्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. ही अट पुतणीनें आनंदानें पत्करली, आणि आमच्या मतें तिच्या संशोधनास मिळालेलें पहिलें साहाय्य तें हेंच.

विद्याधन कायद्यानें आतां एकट्याचें आहे, आणि तें तसें असणेंच योग्य. परंतु ज्या भूमीनें व ज्या माणसांनीं आपणांस वाढविलें, त्यांची नीट ओळख करून घेणारें एखादें मूल आपल्या घरांत निघालें, तर त्यास वेडें न ठरवितां दोन वर्षांचें अन्न घालणें कोणत्याही खात्यापित्या कुटुंबास अवघड नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें मूल असेल, त्यांनीं त्याचा कागद निदान दोन दिवस जवळ ठेवून वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.