कानाला दार नाही

कानात घालायच्या एका वस्तूविषयी दिवाळी अंकात लेख लिहावा, असे कधी माझ्या मनात येईल याची मला कल्पना नव्हती. कानाविषयी आपली भाषा आधीच इतके बोलून बसली आहे, की नवे काही सांगायला जागा उरलेली नाही. आपण कान देतो, कान भरतो, कान टोचतो, कान फुंकतो, कानाला खडा लावतो, कानांवर हात ठेवतो, आणि सोयीचे असेल तेव्हा कानाडोळाही करतो. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : कान उघडा असतो. डोळ्याला निसर्गाने पापणी दिली, तोंडाला ओठ दिले. कानाला दार दिले नाही. माणूस झोपला तरी त्याचा कान जागाच राहतो. अपरात्री माजघरात भांडे पडले तर डोळे मागाहून उघडतात. कान केव्हाच तिथे जाऊन पोहोचलेला असतो.

हे दार माणसाने आता आपले आपणच बसवून घेतले आहे. एस. टी.त चढावे, तो निम्म्या उतारूंच्या कानांत रबरी बोळे दिसतात. आमच्याकडे त्यांना सरसकट 'ब्लूटूथ' म्हणतात. हे नाव मुळात दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे. हॅरल्ड ब्लूटूथने विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या, म्हणून निरनिराळी यंत्रे तारेवाचून जोडणाऱ्या या युक्तीला १९९० च्या दशकात त्याचे नाव दिले गेले. राजाने माणसे जोडली. त्याच्या नावाची वस्तू कानात घातलेला शेजारचा उतारू मात्र 'पाहुणे कोणत्या गावचे?' एवढेही विचारत नाही. यात माझा थोडा स्वार्थ आहे, हेही सांगून टाकतो. मी शाळामास्तर असलो तरी कादंबऱ्या लिहितो, आणि माझ्या पात्रांचे निम्मे संवाद मला एस. टी.च्या बाकावर फुकट मिळालेले आहेत. कानात बोळे घातलेला उतारू कादंबरीकाराच्या काही उपयोगाचा नसतो.

पण हा प्रश्न माझ्या कादंबरीपुरता राहिला नाही. माझी थोरली मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखी परीक्षेला १००. मैदानात मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते आणि गोळा फेकावा लागतो. त्या आठशे मीटरांत दम तुटू नये म्हणून ही पोर रोज पहाटे चार-पाच किलोमीटर धावते. धावायची जागा म्हणजे आमच्या गावाहून कराडकडे जाणारा रस्ता. दुसरी जागाच नाही. दिवाळी सरली की हा रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर लोंबणारा, मागे दिवा असला तर असला, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी मोठ्याने लावलेला डेक. त्याला मागच्या गाडीचा हॉर्नदेखील ऐकू येत नाही. अशा रस्त्यावर दुसऱ्यानेही कान बंद करून धावायचे, म्हणजे पहाटेच्या अंधारात दोन बहिऱ्यांची गाठ घालून देण्यासारखेच की!

ती गाणी ऐकत असती तर एका शब्दात प्रश्न मिटला असता. पण ती ऐकते मला. लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते आणि शाळेत मी तेच शिकवतो. धावणे, कॉलेज, घरचे काम यांत तिला बसून वाचायला वेळ पुरेना, म्हणून मी समास, प्रयोग, वाक्प्रचार असे सारे सावकाश बोलून तिच्या फोनमध्ये भरून ठेवले. बापाच्या आवाजातला कर्मधारय ऐकत मुलगी उसाच्या रस्त्याने धावते, हे दृश्य मला आवडत असे, हे कबूल केले पाहिजे. तिच्या आईला ते मुळीच आवडत नसे. "ऐकायचं तर ऐक, पण कान झाकून रस्त्यावर जायचं नाही," असा तिने निकाल दिला; आणि कान न झाकता ऐकू येईल अशी वस्तू शोधून आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली.

कराडच्या दुकानदाराने माझ्यापुढे डब्या मांडल्या. उघड्या कानाच्या या वस्तूंचे तीन प्रकार असतात. पहिल्यात मानेमागून जाणारा एक पट्टा असतो आणि त्याची दोन टोके कानांच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. ती थरथरतात आणि आवाज हाडातून आत जातो. दुसऱ्यात कानावर आकडा अडकवतात आणि कानाच्या तोंडाशी एक चिमुकला स्पीकर अधांतरी राहतो. तिसरा प्रकार पाहून मला हसू आले. तो कानाच्या पाळीला कडेने चिमटा घेऊन बसतो. बोस कंपनीने तसा एक २०२४ मध्ये काढला, तेव्हा जगाला त्याचे नवल वाटले असेल. आपल्याकडे त्या जागी बायकांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी कितीतरी काळापासून बसत आली आहे. आपल्या सोनारांनी तिच्यात गाणे तेवढे घातले नव्हते!

हाडातून आवाज कसा जातो, हे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मला प्रयोग करून दाखवले. त्यांनी नादकाटा टेबलावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवली. "आता बोटांनी कान बंद करा," ते म्हणाले. कान बंद केले, तर आवाज कमी होण्याऐवजी वाढला! कानाचा पडदा बाजूला ठेवून कंप थेट आतल्या शंखापर्यंत पोहोचतो, तो असा. दुकानात याच प्रयोगाचा मला उपयोग झाला. 'हाडातून ऐकवणारे' असे डबीवर छापलेल्या काही स्वस्त वस्तूंत प्रत्यक्षात साधा छोटा स्पीकरच असतो. पट्टा लावून कानांत बोटे घालावीत : आवाज स्पष्ट झाला तर हाडाचा, नाहीसा झाला तर हवेचा. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला; पण मास्तराच्या जातीला अशा पाहण्याची सवय असते.

त्याच दिवशी आणखी एक उलगडा झाला. फोनमधला माझा आवाज मला नेहमी परका, किंचित किनरा वाटतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडातूनही येतो, आणि हाडातून आलेला भाग खर्जातला असतो. फोनला आपली हाडे नसतात. म्हणजे स्वतःचा जो भारदस्त आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो, तो माझ्याखेरीज कुणीच ऐकलेला नाही. वर्गात मुले का गप्प बसत नाहीत, याचे एक शास्त्रीय कारण मला अखेर मिळाले.

असो. निवड करताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात ते थोडक्यात सांगतो. कुणाच्या तरी घरी अशीच पोर धावत असेल. उघड्या कानात खर्जाचे स्वर भरत नाहीत, कारण ते कोंडून धरायला कान बंद असावा लागतो. ज्याला ढोलकी अंगात घुमायला हवी त्याने हा नाद सोडावा. व्याकरणाला ढोलकी लागत नाही. घामाचा विचार मात्र करावा. डबीवर 'आयपी ६७' असे काही लिहिलेले असते. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. नुसता ४ असेल तर पाण्याचे शिंतोडे सोसतील एवढेच. ही परीक्षा साध्या पाण्याची असते, खारट घामाची नव्हे. म्हणून धावून आल्यावर पुसून ठेवलेले बरे. ओल्या बोटांना स्पर्शाची कळ दाद देत नाही. दाबायचे बटण चांगले. चष्मेवाल्याच्या कानावर काडी आणि आकडा यांची भाऊबंदकी होते, तर जाड वेणी आणि मानेमागचा पट्टा यांचे जमते की नाही ते दुकानातच मान हलवून पाहावे.

बंद बोळ्यांतही बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय हल्ली असते. पण तो आवाज माइकने ऐकून पुन्हा वाजवलेला असतो. वारा सुटला की त्यात घोंघावणे शिरते, आणि बॅटरी संपली की दार ते दारच. एकाच कानात बोळा घालावा, हाही उपाय पुष्कळजण सुचवतात. तो मला पटला नाही. आवाज कोणत्या अंगाने आला हे आपण दोन कानांच्या हिशेबाने ठरवतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला पोहोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि तेवढ्या उशिरावरून डोके दिशा ओळखते. आवाज पुढचा की मागचा, हे सांगायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. एक कान बुजवला, की ट्रॅक्टर आला एवढे कळेल. कुठून आला ते कळायला वेळ लागेल.

उघड्या कानाचाही एक धोका आहे. बाहेर गलका वाढला की माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. तेव्हा ट्रॅक्टर शेजारून जात असताना आवाज वाढवायचा नाही, समास थांबवायचा. ट्रॅक्टर गेला की पुढे चालू.

हे सगळे पुराण मी संध्याकाळी ओसरीवर बसून थोरलीला ऐकवले. ती पायांना तेल चोळत होती. माझे संपल्यावर ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण बंद ब्लूटूथ मी नुसते समास ऐकायला घालत नव्हते."

"मग?"

"नाक्यावर पोरं बसलेली असतात. ऐकू आलं नाही की बरं पडतं."

तिची आई चुलीपुढून उठून दाराशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ कुणी बोलले नाही. त्या रस्त्याने मीही पहाटे फिरायला जातो. उघड्या कानांनी मला भारद्वाज ऐकू येतो, मोटेच्या जागी आलेल्या पंपाची धडधड ऐकू येते, काकडआरतीची घंटा ऐकू येते. रस्ता तोच, वेळही तीच. पण तिच्या उघड्या कानात जे पडते ते माझ्या कानात कधी पडणार नाही. मला पाहून ती पोरे उठून उभी राहतात आणि 'नमस्कार गुरुजी' म्हणतात. त्यांतल्या निम्म्यांना वाक्यरचना मीच शिकवली आहे.

"मी बोलतो त्यांच्या घरी," मी म्हणालो.

"बोला की. पण आप्पा, उद्या दुसरा नाका असेल, दुसरी पोरं असतील. कुठं कुठं बोलणार तुम्ही?"

तिने समोरची डबी उचलली, पट्टा काढून मानेमागून घातला, वेणी पुढे घेतली आणि दोनदा उड्या मारून पाहिल्या. पट्टा हलला नाही. मग ती म्हणाली, "हाच राहू दे. मागून पाऊल वाजलं तर कळलं पाहिजे. आणि बोलणं ऐकू आलं तर येऊ दे; कोण बोललं तेही कळेल."

हे वाक्य मला कोणत्याही एस. टी.च्या बाकावर मिळाले नसते. आम्ही दोघे नवराबायको तिच्या संरक्षणासाठी कान उघडा ठेवा म्हणत होतो. तिने त्या संरक्षणाची किंमत आधी मोजली होती, आणि मोजून झाल्यावर ती द्यायला ती तयार झाली होती. उद्या अंगावर खाकी चढली तर असे पुष्कळ ऐकावे लागेल, याची तिला जाण असावी. मी त्या घरांत जाऊन आलो. दोन बापांनी माना खाली घातल्या, एकाने विषय बदलला. नाक्यावर अजून पोरे बसतात. पण आता शेजारची तिची मैत्रीणही बरोबर धावायला येते, आणि कान उघडे असल्यामुळे दोघींना धावता धावता बोलता येते.

मला मात्र या निमित्ताने माझी जागा नीट कळली. बापाचा आवाज मुलीच्या जवळ असावा, हाडाला लागून असला तरी हरकत नाही. पण त्याने तिचा कान भरून जाऊ नये. जगाचे पाऊल मागून वाजते तेव्हा ते तिला आधी ऐकू आले पाहिजे, आणि त्या वेळी बापाने गप्प बसायला शिकले पाहिजे.

परवा ती धावून आली ती तक्रार घेऊनच. "आप्पा, बहुव्रीहीचं उदाहरण ऐकू आलं नाही. मोळ्यांच्या दोन ट्रॉल्या गेल्या तेवढ्यात."

"लंबकर्ण," मी म्हणालो. "लांब आहेत कान ज्याचे तो."

"म्हणजे गाढव," ती म्हणाली, आणि पट्टा पुसून तिने खुंटीला अडकवला.