महाकायाचा सांधा

'सांधा' हा शब्द आमच्या घरी कोंकणीत 'सांदो' असा उच्चारला जातो, आणि तो बहुधा मिरगाच्या सुमारास अधिक ऐकू येतो. कारण पाऊस येण्यापूर्वीच माझ्या सासूबाईंचे गुडघे त्याची वर्दी देऊ लागतात. वर्गात मात्र मला या शब्दाचे दुसरे भावंड भेटते, ते म्हणजे 'संधी'. 'विद्या' आणि 'आलय' यांचे एकदा 'विद्यालय' झाले की जोड कोठे होता हे शोधूनही सापडत नाही, आणि कितीही वेळा विग्रह करा, तो जोड झिजत नाही. व्याकरणाचे हे सुख लाकडाला नाही, हाडाला नाही, आणि प्लास्टिकला तर मुळीच नाही. हा शेवटचा शोध मला एका खेळण्याने लावून दिला.

विद्यार्थिमित्रहो, मोटारीचा यंत्रमानव होतो आणि यंत्रमानवाची पुन्हा मोटार होते, ही खेळणी तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक परिचयाची आहेत. त्यांतलीच एक जात अशी की, पाच-सहा यंत्रमानव एकमेकांत अडकवले असता त्यांचा एक महाकाय पुरुष उभा राहतो. ही कल्पना जपानची. 1974 साली तेथील दूरदर्शनवर 'गेट्टर रोबो' नावाची चित्रमालिका आली. तीत तीन विमाने आकाशात एकमेकांवर आदळत आणि त्यांचा एक यंत्रमानव होई. चित्रकाराच्या कुंचल्याला सांध्याची पर्वा नसते. विमान हवे तसे ताणले, हवे तसे वाकवले. पण तेच खेळणे करू म्हटले तर कारागिराची भंबेरी उडावी अशी ती रचना होती. पुढे 1976 साली 'कोम्बाट्लर व्ही' आला, आणि त्याची पाच वाहने मात्र मुलांच्या हातांतही खरोखरीच जुळत. 1984 साली अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची खेळणी 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने आपल्या देशात विकण्यास आरंभ केला. त्यांत 1985 साली सहा बांधकामयंत्रांचा मिळून 'डिव्हॅस्टेटर' झाला, आणि 1986 साली आणखी एक चातुर्याची योजना आली. एका मोठ्या यंत्रमानवाचे धड आणि चार लहानांचे हातपाय. पण या चारांपैकी कोणीही हात व्हावे, कोणीही पाय व्हावे. सर्वांच्या अंगी एकाच मापाचा जोड! ज्याने हे प्रथम सुचवले त्याला मी मनोमन वंदन करते. कारण 'मीच का पाय?' या प्रश्नावर इतके सुटसुटीत उत्तर आमच्या एकत्र कुटुंबांतही कोणाला सापडले नव्हते.

आमच्या घरातला महाकाय याच परंपरेतला. तो कोणत्या कारखान्याचा, हे सांगण्याचे कारण नाही. माझे दीर जहाजावर नोकरीला आहेत. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. कोणत्याशा परदेशी बंदरातून त्यांनी पाच खोकी आणली आणि घरातल्या पाच मुलांना एकेक वाटली. थोरल्याच्या वाट्याला आगीचा बंब आला, तोच धड. इतरांना रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी, यारी आणि हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर मिळाले सर्वांत धाकट्याला. ही मुले एका छपराखाली राहत नाहीत. कोणी म्हापशाला, कोणी फोंड्याला, एक बिऱ्हाड बेळगावला. ती एकत्र येतात चवथीला. म्हणजे महाकायाचा जन्मही वर्षातून एकदाच, चवथीच्या दिवसांत, माटोळी बांधून झाल्यावर.

पहिल्या वर्षी तो उभा राहिला तेव्हा सारे घर पाहायला आले. मोडायला कोणाचे मन होईना. मुलांनी पाचही खेळणी तशीच जोडलेली ठेवली, आणि तो कपाटाच्या माथ्यावर वर्षभर उभा राहिला. जागा अरुंद होती, म्हणून किंचित डाव्या अंगाला झुकून. दुसऱ्या चवथीला खाली काढला तर डावा पाय लुळा. तिसऱ्या चवथीला तो उभाच राहीना. उभा केला की डावा पाय कमरेतून निसटे आणि महाकाय आडवा होई. डावा पाय म्हणजे हेलिकॉप्टर. "काकी, हाचोच पांय निसरता!" असा चौघांचा एकमुखी निर्णय झाला, आणि धाकटा आपले हेलिकॉप्टर पोटाशी धरून माजघरात जाऊन बसला. नारळाची करंजी पुढे केली तरी तो बाहेर येईना. सहा वर्षांच्या मुलावर सगळ्यांनी मिळून दोष ठेवला की तो त्याला खराच वाटू लागतो. तो स्वतःही म्हणू लागला होता की आपले हेलिकॉप्टर वाईट आहे.

आता या पायाकडे जरा शास्त्रदृष्टीने पाहू. शरीरशास्त्राच्या धड्यात तुम्ही उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकता. खेळण्यात हे दोन्ही असतात. गोळी उखळीत बसवलेली असते आणि केवळ घर्षणाने धरून राहते. तिसरा एक प्रकार दातेरी चक्राचा. तो वळवला की 'कट् कट्' आवाज येतो आणि प्रत्येक दातावर अडतो. यांशिवाय ज्याच्यामुळे पाचांचा एक होतो तो मुख्य जोड म्हणजे सुताराचा कुसू आणि खाचच. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खोबणीत. या सगळ्यांचे खरे दुखणे गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे, जरी त्याच्या डोळ्यांपुढे खेळणी नसून प्राण्यांची हाडे होती. एखादी वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिचे वजन आठपट होते, पण तिच्या आधाराचा छेद चौपटच होतो. म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड लागते. आमच्या महाकायाची स्थिती याहून बिकट. त्याच्या कमरेचा सांधा जाड करावा म्हटले तरी करता येत नाही. कारण तो सांधा लहानग्या हेलिकॉप्टरच्या पोटात दडवायचा असतो. लहानाच्या अंगात मावेल एवढी खुंटी, आणि तिच्यावर भार मात्र पाचांचा. त्यात पाय फाकलेले असले की वजन सरळ खाली न जाता खुंटीला बाहेर ढकलते. आमच्या घरची गुळगुळीत लाद्यांची जमीन या ढकलण्याला साह्यच करते. चटईवर तोच महाकाय दुप्पट वेळ उभा राहतो, हे कोणीही करून पाहावे.

प्लास्टिकचा स्वभावही जाणून घेतला पाहिजे. अशा खेळण्यांचा बहुतेक भाग एबीएस या कठीण प्लास्टिकचा असतो. ते चकाकते, रंग चांगला धरते, पण घासले की झिजते आणि फार वाकवले की पांढरे पडून चिरते. सतत एकाच दाबाखाली ठेवले तर ते मुकाट्याने थोडे सरकते आणि सरकलेलेच राहते. दाब काढला तरी पूर्ववत होत नाही. लाकडाचे तसे नाही. आमच्या जुन्या जात्याचा खुंटा उन्हाळ्यात हलू लागतो आणि पावसाळ्यात हवेतले पाणी पिऊन फुगतो, पुन्हा घट्ट होतो. समुद्रकाठच्या हवेत प्लास्टिकला असा काही लाभ नाही. तोटा मात्र आहे, कारण बिजागरीत घातलेली पोलादी सळई आणि स्क्रू या हवेत गंजतात. काही जुन्या खेळण्यांत तर सोनेरी झाक येण्यासाठी प्लास्टिकमध्ये चमकीचे कण मिसळलेले असत. ते प्लास्टिक काही वर्षांनी इतके ठिसूळ होते की कपाटात ठेवलेला यंत्रमानव हात लावताच तुटतो. जुन्या खेळण्यांचे संग्राहक त्याला भारी भितात. शोभेसाठी बळ घालवण्याची ही खोड केवळ प्लास्टिकलाच आहे असे नाही, पण तो विषय येथे नको.

दोष कोणाचा, हा प्रश्न अजून उरला होता. खुंटी झिजली की खोबणी रुंदावली, हे नुसते पाहून कळत नाही. दोहोंचे फळ एकच. पण त्या जपानी योजनेचा उपयोग मला येथे झाला. हात कोणीही, पाय कोणीही! मी चौघांना बोलावले आणि हेलिकॉप्टर उजव्या पायाला लावायला सांगितले, तेथली यारी डाव्या पायाला. महाकाय उभा केला. पाय निसटला, पण तो डावाच. आणि आता तो यारीचा होता. हेलिकॉप्टर उजव्या बाजूस खांबासारखे उभे! खात्रीसाठी डाव्या बाजूला रुग्णवाहिका लावून पाहिली, मग पोलिसांची गाडी. प्रत्येक वेळी तेच. आगीचा बंब उजेडात धरला तेव्हा डाव्या खोबणीच्या ओठावर केसाएवढी पांढरी रेघ दिसली. वर्षभर त्याच बाजूला झुकून उभा राहिल्याची ती खूण. थोरला काही बोलला नाही. तो उठला, माजघरात गेला, आणि थोड्या वेळाने दोघेही बाहेर आले. आत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. करंज्यांच्या ताटातली एक कमी झालेली होती एवढे खरे.

दुरुस्तीचे उपाय मुलांनी आपापल्या परीने सुचवले. एकजण झटपट चिकटणारा गोंद घेऊन आला. ती बाटली मी आधी बाजूला ठेवली. असा गोंद ओला असताना सांध्यात गेला तर सांधा कायमचा बसतो, आणि मग महाकायाचा पुन्हा हेलिकॉप्टर व्हायचा नाही. माझ्या पुतणीने नखांना लावण्याचे रंगहीन रोगण आणले. हा उपाय खरोखर जाणकारही करतात. गोळीवर रोगणाचा पातळ थर द्यावा, पुरता वाळू द्यावा, मग दुसरा. गोळी किंचित जाड होते आणि उखळीत घट्ट बसते. आम्ही तो सैल पडलेल्या खांद्याला केला. थर पातळच हवा, कारण रोगणातील द्रावण एबीएसला मऊ करते. आणि नखांचा रंग पुसण्याच्या पाण्यात तर बहुधा ॲसिटोन असतो, जे हे प्लास्टिक चक्क विरघळवते. एवढी सगळी खटपट चाललेली पाहून सासूबाईंनी विचारले की, या राक्षसाला नखे रंगवून कोठल्या लग्नाला न्यायचे आहे?

चिरलेल्या खोबणीला मात्र रोगण उपयोगाचे नव्हते. खुंटी जाड केली असती तर चीर आणखी फाकली असती. तोड सासूबाईंकडूनच आली. नारळाच्या करवंटीची दवली त्यांनी आयुष्यभर वापरली आहे. तिचा दांडा सैल झाला की पाचर मारायची. पण करवंटीलाच चीर गेली तर पाचर मारायची नाही, आधी बाहेरून बांधायचे, मग आतून भरायचे. तेच केले. खोबणीच्या भोवती तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे घट्ट दिले आणि आत दुधाच्या पिशवीची अरुंद पट्टी घडी करून सारली. इतके ज्ञान त्या माउलीने कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते.

या घटनेनंतर एक नियम ठरला. महाकाय फक्त चवथीत जोडायचा, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी सोडवायचा. खोबण्या रिकाम्या राहिल्या तर त्यांच्यावर दाब राहत नाही. मुलांना हा नियम आवडला नाही. त्यांना तो वर्षभर उभा हवा होता. मलाही मनातून तसेच वाटते. पण जोडलेला ठेवल्यानेच जोड बिघडतो, हे एबीएसच्या बाबतीत तरी निर्विवाद आहे, आणि यावर माझ्याशी हुज्जत घालणाऱ्याने आधी ती पांढरी रेघ पाहावी.

मध्यंतरी मी बाजारात गेले असता खेळण्यांवरील आयएसआय चिन्ह मुद्दाम पाहून आले. आपल्या देशात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते आवश्यक झाले आहे. मुलाच्या घशात अडकणारा तुकडा, टोकदार कडा, विषारी रंग यांची त्यात तपासणी असते, आणि ती हवीच. पण खेळण्याचा खांदा किती वर्षे टिकेल, हे खोक्यावर कोणी छापत नाही. डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या 1958 सालच्या विटा आजच्या विटांत बसतात, तेव्हा टिकाऊ जोड करणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. अर्थात वीट ती वीट. तिला मोटार व्हायचे नसते, माणूस व्हायचे नसते, आणि चार भावंडांना अंगावर घेऊन उभे राहायचे तर नसतेच.

गेल्या चवथीला तो चटईवर उभा होता, कमरेला तांब्याची तार. तार हिरव्या-लाल रंगात झाकावी असे पुतणीचे मत पडले. थोरल्याने नको म्हटले. तो आता बेळगावला पुढील शिक्षणासाठी जाणार आहे. बंब बरोबर न्यायचा की घरी ठेवायचा यावर दोन दिवस खल झाला, आणि शेवटी तो सासूबाईंच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीवर, आडवा ठेवण्यात आला. हेलिकॉप्टर कोणत्या पायाला, हे आता धाकटाच ठरवतो. या वेळी त्याने डावाच पाय निवडला. विसर्जनाहून परतल्यावर त्याने स्वतःच ते हळूच ओढून सोडवले, आतली दुधाच्या पिशवीची पट्टी जागेवर आहे की नाही हे बोट घालून पाहिले, आणि मग गाडीत जाऊन बसला.