केशोरीपासून सरकार किती कोस?

नवेगावबांधचा तलाव पाहायला जाणारी मंडळी पुष्कळ. पाखरे पाहावीत, वनभोजन उरकावे आणि रात्रीच्या गाडीने परतावे, असा त्यांचा शिरस्ता. अर्जुनी मोरगावहून आणखी दक्षिणेला, गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीकडे निघालेल्या एस.टी.त शहरी प्रवासी क्वचितच दिसतो. केशोरी आहे ती त्या बाजूला. भोवताली धानाच्या बांध्या, त्यांच्यामागे जंगल, आणि गावाचे नाव काढताच ऐकणाऱ्याला आठवते ती इथली मिरची! झाडीपट्टीतल्या या गावाच्या निमित्ताने वाचकांना सांगायची आहे ती एका मोडलेल्या कारभाराची हकीकत.

‘जनपद सभा’ हा शब्द आज विदर्भातल्या वयोवृद्धांच्याच तोंडी उरला आहे. 1948 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात या सभा स्थापन झाल्या. त्याआधी खेड्यांचा कारभार जिल्हा कौन्सिलांकडे असे. स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांनी ही नवी योजना मांडली. जिल्हा फार मोठा, गाव फार लहान. तेव्हा तहसील हेच कारभाराचे खरे माप, असा तिचा हिशेब. लोकांचे प्रतिनिधी आणि सरकारी अंमलदार यांनी एका छपराखाली बसून शाळा, दवाखाने, रस्ते पाहावेत. भंडारा जिल्ह्यात तेव्हा तीन तहसिली होत्या : भंडारा, गोंदिया आणि साकोली. केशोरीचा मुलूख साकोलीकडे.

कल्पना नामी, पण थैली हलकी! सभेची भिस्त उपकरांवर आणि सरकारी अनुदानावर. जिथे जंगल फार आणि शेतसारा थोडा, तिथे साऱ्यावरचा उपकर तरी कितीसा जमणार? ज्या मुलखाला शाळा-रस्त्यांची निकड अधिक, त्याच्याच पदरी पैसा कमी, असा हा उफराटा न्याय.

त्यातच 1951 साली मालगुजारी संपली. रयत सुटली, हे फार चांगले झाले. पण या भागातले धान तलावांच्या पाण्यावर पिकते, आणि पाळ फुटली की ती बांधून घेण्याची जबाबदारी मालगुजाराची असे. तलाव सरकारजमा झाले. पुढे त्यांतले लहान जिल्हा परिषदेच्या वाट्याला आले. माजी मालगुजारी तलावांना आता लोक लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. मात्र पुष्कळ मामांच्या पोटात गाळ साठला आहे, आणि भाच्यांची शेती पावसाकडे डोळे लावून बसते.

1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. जुन्या मध्यप्रदेशात उपमंत्री राहिलेले वसंतराव नाईक आता महसूलमंत्री होते. त्यांच्या समितीने 1961 साली जिल्हा हाच पाया धरला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाल्या. तर्क सरळ होता : जिल्हा मोठा असला तर पैसा जमेल, इंजिनियर-डॉक्टर ठेवता येतील, आणि सधन भागाचा हात गरीब भागाला लागेल.

म्हणजे मिश्रांनी जवळीक पाहिली, नाईकांनी ताकद पाहिली. दोघांचेही खरे होते. केशोरीला दोन्ही हव्या आहेत, हीच अडचण!

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पंचायत समिती अर्जुनी मोरगावला आहे. पण जिल्ह्याचे ठाणे उत्तर टोकाला आणि केशोरी दक्षिण टोकाला. जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा म्हणजे शेतकऱ्याला सारा जिल्हा ओलांडावा लागतो, आणि साहेब दौऱ्यावर असले तर पुन्हा एकदा. रोवणीच्या दिवसांत मोडलेला एक दिवस भाड्याहून महाग पडतो.

केशोरी तालुका व्हावा, ही मागणी इकडे म्हणूनच कानी पडते. मागणाऱ्यांना 1948 चा कायदा ठाऊक असो वा नसो, ते मागताहेत तेच : दिवस मावळायच्या आत घरी परतता येईल इतक्या अंतरावरचे सरकार.