जुनं ड्रॉइंग

घोरावाडीहून लोकलने पिंपरी-चिंचवडला कामाला जाणारे पुष्कळ. त्यांतलाच आमचा भाचा. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. त्याच्या तोंडी सारखं 'पीएलएम'. नाव एखाद्या विमा योजनेसारखं, पण आहे भागाच्या जन्मापासूनची वही. भाग कॅटियासारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा आणि टीमसेंटरसारख्यात त्याची नोंद ठेवायची. कितवी आवृत्ती, कोणी बदललं, कोणी मंजूर केलं, कोणकोणत्या गाड्यांत लागतो, सगळं.

१९९८ साली इंडिका आली, तिचे आराखडे टेल्कोच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी संगणकावर केले होते. छोट्या वर्कशॉपांत मात्र अमोनियाच्या वासाचे कागद पुढेही चालले. असो.

गेल्या वर्षी भाच्याकडे एका ब्रॅकेटचं भोक साडेआठवरून नऊ मिलिमीटर झालं. संध्याकाळी नवं ड्रॉइंग रीतसर मंजूर झालं, सॉफ्टवेअरमध्ये चढलं. रात्रपाळीच्या मशीनवर मात्र जुनाच प्रिंट चिकटवलेला. सकाळपर्यंत सगळा माल साडेआठचा!

चौकशीत सॉफ्टवेअरने मिनिटासकट दाखवलं की नवं ड्रॉइंग वेळेवर निघालं होतं. म्हणजे दोष मशीनवरच्या मुलाचा. कंत्राटी होता, काढून टाकला. पण त्याने ते बघायचं कुठे? त्याला लॉगिनच नव्हतं. माणशी लायसनचे पैसे पडतात म्हणे. ज्याच्या हातून भोक पडणार त्यालाच वही उघडता येत नाही, ही कुठली पद्धत?

भाच्याने मशीनजवळ एक संगणक मागितलाय, नुसतं बघण्यापुरता. मंजुरी अजून यायचीय. तो मुलगा हल्ली तळेगावात भाजीच्या गाडीवर दिसतो.