तगर ते माकणी : नातवंडांसोबत एक दिवस

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही उभयता नातवंडांसह युरोपच्या सहलीस जाऊन आलो. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रोम शहरासाठी एकच दिवस राखून ठेवलेला होता. अडीच हजारांहून अधिक वर्षांचे शहर आणि आमच्या हाती जेमतेम नऊ तास! सकाळी कलोसियम, मग फोरमचे भग्नावशेष रस्त्यावरूनच, दुपारी व्हॅटिकन, संध्याकाळी त्रेवीचे कारंजे. धाकटा नातू आठ वर्षांचा. तो कलोसियमच्या रांगेतच थकला आणि पुढचा निम्मा रोम त्याने वडिलांच्या खांद्यावरून पाहिला. तेथे उन्हाळ्यात सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची चिंता नव्हती. चिंता होती ती ताटात काय येईल याची. सौ.नी बरोबर नेलेले खाकरे आणि बाजारातली फळे यांवर आमचा दिवस निभावला.

थोरली नात बारा वर्षांची, प्रश्न विचारणारी. कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले, असे मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा तिने माझा हात ओढून विचारले, "आजोबा, तेव्हा आपल्या माकणीत काय होतं?"

मी म्हणालो, "माकणीचं सांगता येणार नाही. पण आपल्या तेरणा नदीच्या काठी तेव्हा एक मोठं शहर होतं. तिथलं कापड इकडच्या लोकांच्या अंगावर यायचं."

तिला ती आजोबांनी वेळ मारून नेण्यासाठी रचलेली गोष्ट वाटली. "मग दाखवाल?" ती म्हणाली. मी हो म्हटले. बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दिलेला शब्द तारखेसह लक्षात राहतो.

दिवाळीच्या सुटीत तो योग आला. माकणीस जाण्याचे आणखी एक कारण होते. गावातील आमच्या वडिलोपार्जित जागेचा सौदा ठरत आला होता. जागा कित्येक वर्षे पडून आहे, बंधूंना पैशांची निकड आहे, आणि आमच्यापैकी कोणीही पुन्हा तेथे राहावयास जाणार नाही, हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इसार घ्यावयाचा होता. म्हणून आदला दिवस मी नातवंडांसाठी मोकळा ठेवला. रोमहून शिकलेला धडा एवढाच की मुलांबरोबर जाताना यादी लहान असावी. मी तीनच ठिकाणे ठरविली : सकाळी तेर, दुपारी धाराशिवची लेणी, आणि दिवस मावळण्यापूर्वी परत माकणी.

पहाटे साडेसहाला निघालो. सौ.नी दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याच्या दोन कळश्या घेतल्या होत्या. चिरंजीव गाडी चालवीत होते. ते या सहलीस काहीसे नाखूश होते. "बाबा, एका दिवसात परत यायचंय, उद्या कागदपत्रं आहेत," असे त्यांनी दोनदा बजावले.

तेर आज एक मोठे खेडे आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी ते ओळखतात. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची जी मार्गदर्शिका लिहिली आणि जी 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे, तीत या गावाचा उल्लेख 'तगर' असा येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, एक फार मोठे शहर, असे तो लिहितो. तेथून साधे कापड विपुल प्रमाणात, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई व तेथून जहाजांवर चढे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे जॉन फ्लीट या इंग्रज पुराभिलेखज्ञाने १९०१ साली साधार मांडले. तोवर तगर कोठे असावे याविषयी विद्वानांचे नाना तर्क चालले होते.

हे सर्व मी गाडीत मुलांना सांगितले. नातवाला एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. "भडोचपर्यंत तीस दिवस बैलगाडीत? मग बैल काय खायचे?" पेरिप्लसकाराने हे लिहून ठेवलेले नाही. परंतु ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माल भरला आणि पाठविला गेला, त्या घरातील मुलाने प्रथम वाहतूक खर्चाचा प्रश्न विचारावा, याचे मला मनोमन समाधान वाटले.

व्यापारी वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने त्याच शतकात तक्रार केली आहे की भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. आज आपण ज्याला व्यापारतूट म्हणतो, तीच ही. आकडा अचूक असो वा नसो, रोमच्या खतावणीत आपण जमेच्या बाजूला होतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

तेरमध्ये प्रथम त्रिविक्रमाचे मंदिर पाहिले. बाहेरून पाहताच त्याचा मागचा भाग गोलाकार, हत्तीच्या पाठीसारखा दिसतो. अशा घडणीला गजपृष्ठाकार म्हणतात. विटांनी बांधलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक संशोधकांचे मत आहे. पुढे तेथे विष्णूची स्थापना झाली. उभ्या महाराष्ट्रात इतक्या जुन्या, अजूनही पूजेत असलेल्या वास्तू फारच थोड्या. रांग नव्हती, तिकीट नव्हते. पुजारी आणि आम्ही सहा जण. सहावा म्हणजे मंदिराच्या ओट्यावर येऊन बसलेला एक गावकरी. त्याने आपण होऊन मुलांना पेरू दिले.

गावातील महावीर मंदिरात दर्शन घेऊन आम्ही कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात गेलो. लामतुरे हे याच गावचे. गावाच्या पांढरीत, शेतात, ओढ्याच्या काठी लोकांना जे सापडे ते त्यांनी आयुष्यभर गोळा केले आणि पुढे तो संग्रह शासनाच्या हाती गेला. सातवाहनांची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातील मूर्ती, दिवे. एका व्यक्तीच्या हव्यासातून हे उभे राहिले आहे. रोमच्या संग्रहालयांत संगमरवर डोळे दिपवितो. येथे मात्र एकेक मणी पाहताना तो कोणाच्या गळ्यात असेल, असा विचार येतो.

या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगप्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली अशाच घडणीची एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोहोंचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले आणि तगरचा माल कोठवर जात असे, याचा जणू साक्षीदारच मिळाला. नात बराच वेळ त्या मूर्तीसमोर उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरं सांगत होतात."

नातवाचे लक्ष मात्र विटांनी वेधले. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या, अशी त्यांची ख्याती आहे. मातीत भुश्यासारखे काही मिसळून भाजल्याने त्यांत पोकळी राहते, असे सांगतात. तरंगणाऱ्या विटेची गोष्ट ऐकून तो थक्क झाला. बाहेर येताना त्याने विचारले, "आजोबा, मग तुमचं माकणीचं घर अशा विटांचं का नव्हतं?"

चिरंजीवांनी चटकन माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "संध्याकाळी सांगतो."

दुपारच्या जेवणास आम्ही धाराशिवजवळच्या लेण्यांपाशी एका झाडाखाली बसलो. बालाघाटाच्या डोंगरातील ही लेणी. ती मुळात कोणाची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळ अभ्यासक ती आरंभी बौद्ध व नंतर जैन झाली असे मानतात. आपल्या समाजातील काहींना हे मान्य होत नाही. मला स्वतःला त्यात कमीपणा वाटत नाही. त्रिविक्रमाच्या मंदिराची कथाही तशीच आहे. जागा एकाने घडविली, दुसऱ्याने सांभाळली.

मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची कथा आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी तो ग्रंथ संपादित करून १९३४ साली कारंजा येथून प्रसिद्ध केला. राजा करकंड तेरापुरास येतो. एक हत्ती नित्यनेमाने वारुळाची पूजा करतो, असे त्यास कळते. ते वारूळ खणले असता पार्श्वनाथांची प्रतिमा मिळते. पुढे लेण्यातील जुन्या प्रतिमेच्या सिंहासनावर राजाला एक गाठ दिसते. ती फोडू नये, असे कारागीर सांगतो. राजा ती फोडवितो आणि आतून पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते. पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा पाहत, ओलसर अंधारात ही कथा ऐकताना नातू माझ्या अंगाला चिकटून बसला. कारागिराचे राजाने ऐकावयास हवे होते, असे त्याचे ठाम मत पडले. नातीने विचारले की राजाला शिक्षा झाली का. मी सांगितले की त्याने पश्चात्ताप केला आणि नवी लेणी खोदविली.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तगर मला पण माहीत नव्हतं." एवढेच. मीही पुढे काही बोललो नाही. त्यांना लहानपणी दाखवावयास हवे होते. परंतु त्या वर्षांत माझ्या बदल्या होत होत्या, आणि नंतर माझे मन या बाजूला येण्यास तयार नव्हते.

पाच वाजता माकणीस पोहोचलो. तेरला सकाळी पाहिलेली तीच तेरणा येथे धरणाने अडविलेली आहे. निम्न तेरणा प्रकल्पाच्या भिंतीवरून पाणी दूरवर दिसते. पाणपक्षी उतरत होते. तेथे थोडा वेळ थांबून जुन्या जागेवर गेलो. जोते शिल्लक आहे, पुढचा दगडी ओटा शिल्लक आहे, बाकी बाभळी.

मी नातवाला सांगितले. आमचे घर दगडमातीचे होते, भिंती अडीच हात जाडीच्या, वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार राही. तेवढ्या जाड भिंती हेच घराचे वैभव, अशी सर्वांची समजूत होती. १९९३ साली सप्टेंबरच्या २९ तारखेस अनंत चतुर्दशी होती. माझ्या आईचा दशलक्षण पर्वाचा शेवटचा निर्जळ उपवास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पारणे व्हावयाचे होते. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे अशाच भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. वडील ओट्यावर निजले होते, ते वाचले. आई आत होती.

मी तेव्हा सोलापूरला शाखेत होतो. क्षमावणीचे पत्र लिहून ठेवले होते. टपालात टाकावयाचे राहिले होते. ते पत्र अजून माझ्यापाशी आहे.

मुले गप्प होती. मग नातवाने जोत्यावर पावले टाकून मोजमाप सुरू केले : ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, हे देवघर का? मी सांगत गेलो. नात म्हणाली, "पणजीचं नाव काय होतं?" मी नाव सांगितले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले.

सूर्य मावळावयास वीस-पंचवीस मिनिटे उरली होती. सौ.नी घाई केली. ओट्यावरच पंचा अंथरून तिने दशम्यांचा डबा उघडला आणि आम्ही तेथेच जेवलो. त्या जागेवर कोणी जेवल्यास बत्तीसेक वर्षे झाली असावीत.

रात्री मी ग्राहकास फोन करून इसारासाठी पंधरा दिवस मागून घेतले. तो सज्जन माणूस, चालेल म्हणाला. सौदा होईल, बहुधा होईलच. बंधूंची गरज खरी आहे. चिरंजीवांनी मात्र झोपण्यापूर्वी विचारले की ओट्याचा तेवढा एक दगड पुण्याला न्यावयाचा झाला तर गाडीत मावेल का. मी म्हणालो, सकाळी टेप घेऊन बघू.