सहावी कवडी

दिवाळीपूर्वी भांडी घासणे हा आमच्या धंतोलीच्या घरी एक सोहळाच असे. आई पितळेची समई नि तबके चिंचेने, लिंबाने अशी लख्ख करी की, त्यांत तोंड पाहून मला स्वतःच्या रूपाविषयी भलते गैरसमज होत. लिंबाच्या सामर्थ्यावर माझी श्रद्धा बसली ती तेव्हा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजीचा सारीपाट मांडायचा, हा घरचा शिरस्ता. त्याच्या सहा कवड्याही अशाच उजळाव्यात म्हणून मी त्यांतली एक वाटीभर लिंबाच्या रसात टाकली आणि वाटी ओसरीच्या काळ्या पायरीआड लपवली. कवडीच्या अंगावर बारीक बुडबुडे उठले. ती उजळू लागली, याबद्दल मला शंका उरली नाही.

सकाळी पाहतो तो तिची कांती पार गेलेली! हाताला ती खडूसारखी लागली. रडत रडत आजीकडे गेलो. तिने कवडी पदराने पुसली, उजेडात धरली आणि एवढेच म्हणाली, "आता हिला कितीही पूस, बाळ, ते तेज काही यायचं नाही." ती रागावली असती तर बरे झाले असते.

बुडबुड्यांचे कोडे शाळेत सुटले. कवडी, शिंपला, शंख हा सारा चुनाच. आम्लात तो विरघळतो आणि कर्बवायू सुटतो. पण त्या काळ्या पायरीचाही या गोष्टीशी संबंध असेल, हे ध्यानात यायला अर्धे आयुष्य गेले.

पायरीचा दगड आमच्या सीताबर्डीच्या टेकडीचाच भाऊबंद, दख्खनचा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोटामागून लोट आले. त्यांनी झाकलेला मुलूख आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. दोन लोटांच्या मधल्या उसंतीत तळी भरत, गोगलगायी त्यांत संसार थाटीत, आणि मग पुढचा लोट येई. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीच्या परिसरात असे जीवाश्म गोळा केले. हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १८५५ मध्ये छापला गेला. समुद्राशी नागपूरकराचा संबंध कवडीपुरता, असे मी मानीत होतो. पण शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचे सापडली, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे समुद्राचा एक हात आपल्या दारापर्यंत आला होता म्हणायचा!

ती कवचे महासंहारानंतरच्या पहिल्या पिढ्यांची. त्या संहारात डायनोसॉर गेले हे सर्वांना ठाऊक असते. पण समुद्रात तरंगणाऱ्या त्या चुन्याच्या कवचधाऱ्यांच्या दहांतल्या नऊ जाती गेल्या, त्याचे सुतक कोणी धरीत नाही. मेक्सिकोत चिक्शुलुब येथे अशनी कोसळला, गंधकाची आम्लवर्षा झाली आणि समुद्राचा वरचा थर एकाएकी आंबट झाला. नेदरलँड्समधल्या एका गुहेतल्या कवचांवरून २०१९ साली तसे दाखवण्यात आले. आपल्या लाव्हाचा या पापात वाटा किती, यावर पंडितांचे अजून भांडण आहे. पण त्याचा थोरला भाऊ, सायबेरियाचा लाव्हा, असा सुटू शकत नाही. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी त्याच्या कर्बवायूने समुद्र तापला, प्राणवायूला मुकला, आम्लाकडे झुकला. सागरी जातींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या. दोन्ही वेळा पाणी पुढे सावरले. गेलेले मात्र आले नाहीत. देवघरातल्या शाळिग्रामात ज्याचे चक्र उमटलेले असते, तो अमोनाइटचा वंश डायनोसॉरांबरोबरच संपला.

आता लाव्हाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. आपण जाळलेल्या कोळशाचा नि तेलाचा कर्बवायू समुद्र निमूटपणे पितो आहे. तो अजून अल्कधर्मीच आहे. पण यंत्रयुगापासून त्याच्या वरच्या पाण्याची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. आम्हांलाही कुठे काही बिघडवायचे होते? घरे उजळावीत, एवढाच हेतू.

यंदा आमचे धंतोलीचे घर पाडायचे ठरले. शेजारच्या बहुतेक घरांचे दवाखाने किंवा इमले झाले. आमचेच मागे राहिले होते. पायरीचा दगड कोणाला नको होता. मी सारीपाट तेवढा मागून घेतला. आजी गेल्याला कितीतरी वर्षे झाली, पण त्या रात्रीही तिने याच सहा कवड्यांनी डाव मांडला होता आणि त्या सहावीलाही दान बरोबर पडले होते.

परवा नातीने कवड्या ओतल्या. पाच चमकल्या. सहावी उचलून तिने विचारले, "आजोबा, हिला काय झालं?"

समुद्राची, लाव्हाची सारी हकीकत ओठांवर आली होती. पण मी म्हणालो, "मी केलं, बाळ."

तिने कवडी फ्रॉकला पुसली, उजेडात धरली, आणि पुन्हा पुसू लागली.