फारकतीनंतरचा वारसा

मृत व्यक्तीच्या मालमत्तेत तिच्या घटस्फोटित जोडीदाराचा हक्क किती, या प्रश्नाला हिंदू वारसा अधिनियम, १९५६ चे उत्तर सरळ नकारार्थी आहे. कारण मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत मुले व आई यांच्या बरोबरीने विधवा येते, आणि विधवा म्हणजे पतीच्या मृत्यूच्या दिवशी जिचा विवाह कायद्याने अस्तित्वात होता ती स्त्री. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्यानुसार पुनर्विवाह न केलेल्या पूर्वपत्नीला मृताच्या मालमत्तेतून निर्वाहाची तरतूद मागता येते. तशी सोय येथे नाही. तरीही ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या परिसरात असे दावे उभे राहतातच, आणि त्यांतला खरा वाद बहुधा घटस्फोट मुळात झाला होता का, हा असतो.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या गावांत भातशेती होती तोवर वारस नोंद रेंगाळली तरी फारसे अडत नसे. त्याच जमिनींवर गृहसंकुले उभी राहू लागल्यावर मात्र जुने कागद पेटीबाहेर निघाले. त्यांतला सर्वांत फसवा कागद म्हणजे मुद्रांकावर लिहून पंचांच्या सह्या घेतलेली फारकत किंवा सोडचिठ्ठी. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे. परंतु अशी रूढी त्या समाजात दीर्घकाळ व अखंड चालत आली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि तेथे नोटरीचा शिक्का कामाला येत नाही. रूढी शाबीत झाली नाही, तर माहेरी निघून गेलेली पहिली पत्नीच विधवा ठरते, तिचे नाव तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, असो वा नसो. कारण महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. दरम्यान जिने मृताबरोबर उभा संसार केला, ती दुसरी स्त्री वारस ठरत नाही. तिच्या मुलांना मात्र वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो आणि एकत्र कुटुंबातील वडिलांच्या हिश्शापर्यंतही तो पोहोचतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले. हे कायद्याला धरून असले, तरी या बाईच्या वाट्याला आलेला कोरडेपणा त्याने लपत नाही.

न्यायालयात अर्ज चालू असताना पती वारला, तर घटस्फोटाचा अर्ज त्याच्याबरोबर संपतो आणि पत्नी विधवा म्हणून वाटा घेते; परस्परसंमतीचा पहिला अर्ज दाखल होऊन दुसरा टप्पा बाकी असला तरी हेच. एकतर्फी, म्हणजे पत्नीच्या गैरहजेरीत झालेला, हुकूमनामा पतीच्या मृत्यूनंतरही इतर वारसांविरुद्ध रद्द करून मागता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे.

मृताने स्वतःच्या हाताने लिहिलेले मात्र टिकते. घटस्फोटाने मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही आणि हिंदूंच्या बाबतीत पुनर्विवाहानेही होत नाही. त्यामुळे जुन्या मृत्युपत्रातील ‘माझी पत्नी’ कोण हे नावावरून ओळखता येत असेल, तर ते वर्णन आता चुकीचे आहे एवढ्यावर देणगी बुडत नाही. नामनिर्देशनाचे तसे नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले की, शेअर्सचा नामनिर्देशित मालक होत नाही, तो वारसांसाठी ते सांभाळतो. गृहनिर्माण संस्थेतही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशिताला कायदेशीर वारस येईपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. संस्थेच्या कपाटातील जुन्या अर्जावर पूर्वपत्नीचे नाव राहून गेले, एवढ्याने डोंबिवलीतील सदनिका तिची होत नाही.

पूर्वपत्नी वारस नसली, तरी तिच्या पोटगीची थकबाकी हे मृताचे कर्ज असल्याने त्या थकबाकीची वसुली मालमत्तेतून मागता येते, आणि न्यायालयाने पोटगीचा बोजा स्थावरावर ठेवला असेल तर वारसांना तो डावलता येत नाही.

घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते तुटते, मुलांचे वारसत्व तुटत नाही. मूल अज्ञान असल्यास वडिलांच्या मृत्यूनंतर आईच त्याची नैसर्गिक पालक असते, आणि मुलाच्या वाट्याची सदनिका विकण्यासाठी तिला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून इमारतीचा पुनर्विकास ठरतो तेव्हा, जिला स्वतःला त्या घरात एक इंचही हक्क नाही तिच्या सहीसाठी मृताचे आईवडील आणि विकासक दोघेही तिच्या दारी येतात.